हात, शब्द, मग कागद

हे सगळं १९९६ साली घडलं. स्पेन्सर्स फोर्डमधली मोज्यांची गिरणी बंद होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, त्या उन्हाळ्यात पीच कधी नव्हे इतके गोड निघाले होते, आणि इमोजीन फेस्परमन एकाहत्तर वर्षांची होती. तोवर पोलिसांच्या दप्तरी तिचं नाव कधी चढलं नव्हतं. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत ते तीन वेळा चढायची वेळ आली, आणि तिन्ही वेळा बाईंचा हेतू एकच होता: कायद्याप्रमाणे वागावं.

मूळ गोष्ट अगदी लहान. तिचा नवरा ओडेल जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्याची निळी पिकअप गाडी तीच चालवत असे. त्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचे कागद, ओडेलचे कातडी हातमोजे, पेपरमिंटच्या दोन गोळ्या आणि त्याचं रिव्हॉल्व्हर होतं. शेतावर साप निघाला तर असावं म्हणून ते त्यानं १९६१ साली तिथं ठेवलं. पस्तीस वर्षांत सापानं काही संधी दिली नाही. पण आदल्या डिसेंबरात राज्यानं नवा कायदा केला, की असं झाकून हत्यार बाळगायचं तर परवाना हवा. इमोजीननं ते न्याहारीच्या वेळी वर्तमानपत्रात वाचलं आणि हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं. परवाना आता निघाला, म्हणजे आजवर आपण बेकायदाच वागत होतो, असा हिशेब तिनं केला. आणि ओडेल तर चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायचा.

समोरच्या घरातला ड्युई युडी म्हणाला, त्यात काय, काढून कपाटात ठेव. पोस्टातली बाई तेच म्हणाली. शार्लटला राहणारा मुलगा रँडल फोनवर दोनदा तेच म्हणाला. सगळ्यांचं बरोबर होतं. पण त्या कप्प्यातली एकही वस्तू इमोजीननं चार वर्षांत हलवली नव्हती. पेपरमिंटसुद्धा. कप्पा होता तसाच राहावा आणि कायद्यातही बसावा, एवढंच तिला हवं होतं. मोठी मोठी धरणं यापेक्षा कमी खटपटीत बांधून झाली असतील.

परवान्यासाठी आठ तासांचा वर्ग आणि बोटांचे ठसे लागत. वर्ग कोच बॅरिंजर घेत. ते शाळेत एकतीस वर्षं फुटबॉल शिकवून निवृत्त झाले होते, पण गावानं त्यांना दुसरं नाव कधी दिलं नाही. अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये त्यांच्यापुढं गावातले बावीस म्हातारे-म्हाताऱ्या वह्या घेऊन बसले. नेमबाजीवर कोच फार वेळ घालवत नसत. त्यांचा सगळा जीव एका प्रसंगात होता: पोलिसानं गाडी थांबवली तर काय करायचं.

"हात, शब्द, मग कागद," ते सांगत. "आधी दोन्ही हात स्टिअरिंगवर, त्याला दिसतील असे. मग शब्द. मग तो मागेल तेव्हा कागद. आणि हात हलवायचा झाला तर आधी सांगायचं, मग हलवायचा."

आपल्या राज्यात पोलीस जवळ आला किंवा बोलला, की त्यानं विचारायची वाट न पाहता आपण सांगायचं, असा कायदाच होता. पण सांगताना 'बंदूक' म्हणायचं नाही. कोच म्हणत, "बंदूक हा शब्द पोलिसाच्या कानात एकटाच शिरतो. त्याच्या मागचं-पुढचं वाक्य बाहेरच राहतं." म्हणून त्यांनी एक वाक्य बांधून दिलं होतं, आणि ते बावीसही जणांकडून एका सुरात म्हणून घेत: "साहेब, माझ्याकडे परवाना आहे, आणि आत्ता हत्यार माझ्याजवळ आहे. माझे हात इथं आहेत. पुढं काय करू ते तुम्ही सांगा." कोचची बायको नेल मागं बसून लोकर विणायची. तिनं ते इतक्यांदा ऐकलं होतं की सुया त्याच तालावर चालत.

वर्ग पार पडला. अडलं ते ठशांवर. इमोजीननं गिरणीत अडतीस वर्षं मोज्यांची टोकं जोडली होती. लाखो मोजे तिच्या बोटांवरून गेले आणि जाताना बोटांवरच्या रेघा घेऊन गेले. शेरीफच्या कचेरीतल्या बाईनं तिचं एकेक बोट शाईत बुडवून कागदावर दाबलं, तर उमटले दहा काळे स्वच्छ डाग. कागद राजधानीला गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा त्या बाईनं जरा संकोचानंच विचारलं, की ठसे जातील असं, गिरणीशिवाय दुसरं काही काम केलं होतं का. सरकारच्या लेखी आपल्याला बोटंच नाहीत ही गोष्ट इमोजीनच्या मनाला फार लागली. ज्या राज्याचे पाय अडतीस वर्षं झाकले, त्यानं असं म्हणावं. ड्युई युडीनं सांगितलं, रात्री हातांना वंगण चोळून मोजे घालून झोप. मोजे घरात होतेच. कशामुळे कोण जाणे, जूनमध्ये कागद एकदाचा मंजूर झाला.

पहिला प्रसंग जुलैतला. त्या आठवड्यात पिकअपच्या दाराचं कुलूप बिघडलं होतं, म्हणून रिव्हॉल्व्हर पर्समध्ये घालून ती वाणसामानाच्या दुकानात गेली आणि पीच चाचपून पाहत होती. इतक्यात शेजारी शेरीफच्या हाताखालचा, गणवेशातला एक तरुण डेप्युटी येऊन उभा राहिला. टेरेन्स गॅडी त्याचं नाव. किनाऱ्याकडच्या गावाहून नुकताच बदलून आला होता. तो आदबीनं म्हणाला, "मॅडम, हे पिकलेत का?"

पोलीस जवळ आला होता आणि बोललाही होता. इमोजीननं हातातले दोन पीच खाली ठेवले, दोन्ही तळवे ढिगावर पसरले, आणि नाताळच्या नाटकात देवदूत बोलतो तशा आवाजात कोचचं वाक्य म्हटलं. वर खुलाशासाठी जोडलं, "पर्समध्ये आहे, चष्म्याच्या डबीखाली." हे मांसाच्या काउंटरपर्यंत ऐकू गेलं. एक बाई आइस्क्रीमनं भरलेली ढकलगाडी तिथंच सोडून निघून गेली. गल्ल्यावरची मुलगी खाली बसली ती वर येईना.

गॅडीनं तिच्या पसरलेल्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी फक्त पीचचं विचारत होतो, मॅडम."

"डावीकडचे घ्या," इमोजीन म्हणाली. हात मात्र तिनं हलवले नाहीत.

कोचनी हे ऐकून कायद्यानं ती बरोबरच होती असा निर्वाळा दिला. फक्त पीचच्या बाबतीत आवाज जरा बेताचा चालला असता, म्हणाले.

दुसरा प्रसंग सप्टेंबरात झाला, आणि त्यात हसण्यासारखं फारसं नव्हतं. रविवारी चर्चहून येताना पुलाजवळ गाड्यांची तपासणी चालली होती. काचेशी पुन्हा गॅडीच आला आणि म्हणाला, "लायसन्स आणि गाडीचे कागद, मॅडम." इमोजीनला हात, शब्द, कागद हा क्रम झोपेतही पाठ होता. पण कुणी वस्तू मागितली की ती लगेच उठून द्यायची, ही एकाहत्तर वर्षांची सवय त्या आठ तासांना भारी पडली. तिनं वाकून कप्पा उघडला. कागद निघाले, त्यांच्यामागून हातमोजे निघाले, आणि त्यांच्यामागून रिव्हॉल्व्हर घसरत येऊन तिच्या पायाशी पडलं. घाबरून तिच्या तोंडून जो शब्द आधी निघू नये तोच नेमका निघाला.

"बंदूक," ती म्हणाली. एवढंच.

पुढची वीस मिनिटं ती रविवारची टोपी घालून बॉनेटवर हात टेकून उभी होती. मागं बारा गाड्या खोळंबल्या. त्यांत चर्चची व्हॅन होती, आणि व्हॅनमधले सगळे सभ्यपणानं दुसऱ्या खिडकीतून नदी पाहत होते. परवाना तपासला गेला, समज दिली गेली, सगळं रीतसर मिटलं. अपमान तिनं गिळला असता. पण एक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढून जाईना. तो शब्द ऐकल्यावर गॅडीचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला होता, आणि तो हात थरथरत होता. चोवीस वर्षांचं पोर. त्याला ती भीती आपण घातली होती.

रँडलला ही बातमी संध्याकाळच्या आत कळली. व्हॅनला तेरा खिडक्या होत्या. तो म्हणाला, "ममा, आणखी एकदा जरी पोलिसांकडून तुझं नाव माझ्या कानावर आलं, तर गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे. मग तू शार्लटला आमच्याजवळ." प्रेमानंच म्हणाला. म्हणूनच त्याच्याशी भांडता येईना. शार्लटच्या घरी तिची खोली तयार होती. त्या खोलीच्या खिडकीतून दुसरी खिडकी दिसायची.

यावर जो तो उपाय सुचवू लागला. ड्युईच्या मते परवाना दोरीनं गळ्यात बांधावा. चर्चचे रेव्हरंड स्लूप म्हणाले, प्रार्थना. कोच म्हणाले, कागद आणि हत्यार एका कप्प्यात नकोत, वेगळं करा. हे पटण्यासारखं होतं. कप्पा मोडताना तिला वाईट वाटलं. मग हातमोजे आणि पेपरमिंट तिथंच ठेवून तिनं फक्त रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं. दुकानातली काळी पिशवी तिला गुंडासारखी वाटली, म्हणून व्हॉन्सील टॉरेन्सनं तिला एक पिशवी शिवून दिली. व्हॉन्सील गिरणीत तीस वर्षं तिच्या शेजारच्या यंत्रावर होती. निळ्या कापडावर लहान लहान कोंबड्या, आत कापूस भरलेला, वर चेन. कापड उरलं म्हणून तशीच दुसरीही शिवली, केक न्यायला. इमोजीननं सवयीप्रमाणे दोन्हींना खालून चिकटपट्टी लावून आपलं नाव लिहिलं. गावात कुणाकडे जेवणाचं भांडं पाठवायचं तर असं नाव लिहिल्याशिवाय ते परत येत नाही.

आणि व्हॉन्सीलनं तिची तालीमही घेतली. पडवीतल्या झोपाळ्यावर इमोजीन केक भाजायचं गोल भांडं स्टिअरिंगसारखं धरून बसायची. व्हॉन्सील ओडेलची टोपी घालून पायऱ्या चढून यायची आणि कागद मागायची. की इमोजीनचा हात पर्सकडे गेलाच.

"हात," व्हॉन्सील म्हणायची. विसाव्यांदा तिनं टोपी काढली आणि पायरीवर बसली. "अगं, तुला हे शिकायला आठ तासांचा वर्ग लागला. आम्हा काळ्यांच्या घरी पोरांना क्लच कुठला ते सांगायच्या आधी हे सांगतात. आणि त्यांच्या गाडीत हत्यार सोड, पेपरमिंटही नसतं."

तीस वर्षं शेजारी बसून इमोजीननं हे कधी विचारलं नव्हतं. ती नुसतं म्हणाली, "पुन्हा ये खालून." व्हॉन्सील पुन्हा टोपी घालून खालून आली, आणि त्या खेपेला भांड्यावरचे हात हलले नाहीत.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोच बॅरिंजर आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. दफन शुक्रवारी होतं. गुरुवारी दुपारी, रीतीप्रमाणे, सगळं गाव नेलकडे पदार्थ घेऊन निघालं. इमोजीननं पाउंड केक केला होता आणि पिशवीत मावेल तेवढा, म्हणजे अर्धा, घेतला होता. त्यात लोणी, साखर, अंडी, मैदा सगळं एकेक पौंड पडतं, आणि तिच्या हातचा अर्धा केकसुद्धा चांगला वजनदार व्हायचा. किती वजनदार, ते पुढं कळलंच. नेलच्या दारात गर्दी होती. इमोजीननं सीटवरून कोंबड्यांची पिशवी उचलली, ड्युईच्या बायकोच्या हाती दिली, नेलला मिठी मारली, आणि गाई बांधायच्या आहेत, तासाभरात येते, म्हणून घरी निघाली.

दोन मैलांवर मागं निळे दिवे लागले.

तिनं गाडी कडेला घेतली, बंद केली, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. शार्लटची ती खिडकी तिला स्पष्ट दिसत होती. आरशातून गॅडी येताना दिसला. त्यानंही गाडी ओळखली असावी, कारण तो फार सावकाश चालत होता.

"साहेब," तिनं सुरू केलं, आणि कोचचं वाक्य एकही शब्द न गाळता म्हटलं. मग पुढं: "ते शेजारच्या सीटवर, कोंबड्यांच्या पिशवीत आहे. कागद डोक्यावरच्या उन्हाच्या झडपेला अडकवलेत. मी कशालाही हात लावणार नाही."

गॅडीनं श्वास सोडला. गावात मोठ्या बायकांना आदरानं म्हणतात तसं तो म्हणाला, "थँक यू, मिस इमोजीन." तिनं पाहिलं, त्याचा हात कमरेपाशी गेला नव्हता, आणि थरथरतही नव्हता. "तुम्ही ताशी पंचावन्न मैलांच्या रस्त्यावर अठ्ठावीसनं चालला होतात. मागं आठ गाड्या होत्या. आपण बोलेपर्यंत ती पिशवी मी माझ्याकडे घेतो, चालेल?"

तो पलीकडून आला, पिशवी घेतली, गाडीच्या टपावर ठेवून जपून चेन उघडली. आत डोकावला, आणि पुन्हा एकदा डोकावला.

"मॅडम," तो म्हणाला, "हा केक आहे."

इमोजीनच्या मनात पहिला विचार असा आला, की आपण आयुष्यात पहिल्यांदा पोलिसाशी खोटं बोललो. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला, आणि तो आला तेव्हा तिचे हात पहिल्यांदा स्टिअरिंगवरून निसटले.

"मग नेलच्या टेबलावर काय आहे?" ती म्हणाली.

तिनं त्याला सगळं सांगितलं. रेव्हरंड स्लूपनी आभाराची प्रार्थना म्हटल्याशिवाय गावात कुणी ताटाला हात लावत नाही, आणि रेव्हरंड प्रार्थनेला उभे राहिले की देशाच्या सगळ्या रस्त्यांसाठी आशीर्वाद मागतात, एवढीच काय ती आशा होती. प्रार्थना चारला होती. चारला दोन मिनिटं होती. गॅडी म्हणाला, माझ्या मागून या. अर्ध्या मैलावर त्याची गाडी थांबली, तो उतरून परत आला आणि खिडकीशी वाकून म्हणाला, "मिस इमोजीन, वेग वाढवायची मी तुम्हाला परवानगी देतो." त्या दिवशी ती एक्केचाळीसनं चालली.

दोघं दारात पोचली तेव्हा प्रार्थना पुलांवर आली होती. तीस-एक माणसं डोळे मिटून उभी होती. लांब टेबलावर हॅम, भरलेली अंडी, चीज घातलेली मॅकरोनी, केळ्यांचं पुडिंग, आणि गोडाच्या बाजूला, दोन केकच्या मध्ये, कोंबड्यांची पिशवी. ड्युईच्या बायकोनं वाढायची सुरी एका हातात घेतली होती आणि दुसरा हात चेनवर ठेवला होता. गॅडीनं टोपी काढली. प्रार्थना मध्येच तोडणं त्याच्या आजीनं त्याला शिकवलं नव्हतं. इमोजीन चवड्यांवर टेबलाकडे निघाली. पाच पावलं राहिली असताना रेव्हरंड "आमेन" म्हणाले, आणि गॅडी, जितक्या शांतपणे जमलं तितक्या शांतपणे, सगळ्यांना उद्देशून म्हणाला, "नमस्कार मंडळी. कृपा करून टेबलावरच्या कशाला हात लावू नका."

पोलीस जवळ आला होता आणि बोललाही होता.

सर्वांत आधी ड्युई युडीनं आपले दोन्ही तळवे टेबलावर, हॅमच्या दोन बाजूंना, पसरले. "साहेब," तो म्हणाला, "माझ्याकडे परवाना आहे, आणि आत्ता हत्यार गाडीत आहे. माझे हात इथं आहेत." त्याच्या शेजारच्यानं हात ठेवले. "साहेब, माझ्याकडे परवाना आहे." मग पोस्टातली बाई. मग मॅकरोनीपलीकडचे दोघं भाऊ. एकेक करून, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोचचे विद्यार्थी हात पसरून ते वाक्य म्हणत गेले, कुणी दबक्या आवाजात, कुणी खाकरून. कुणी घाई केली नाही, कुणी 'बंदूक' म्हटलं नाही. ड्युईच्या बायकोनं सुरी ठेवून चेनवरचा हातही टेबलावर ठेवला, तेवढ्यात इमोजीननं पिशवी दोन्ही हातांनी उचलून गॅडीच्या हाती दिली.

नेल बॅरिंजर खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. तीन दिवस तिनं धड काही खाल्लं नव्हतं, कुणाशी बोलली नव्हती. तिनं मांडीवरचे हात उचलून खुर्चीच्या हातांवर ठेवले.

"साहेब," ती म्हणाली, "माझ्याकडे परवाना आहे. हत्यार नाही. पुढं काय करू ते तुम्ही सांगा." आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं, आणि मग बाकीच्यांनाही.

गॅडीनं पिशवी बाहेर नेऊन गोळ्या काढल्या, आणि परत येऊन सांगितलं, की पुढं काय करायचं ते म्हणजे आता सगळ्यांनी जेवावं. त्यालाही ताट भरून देण्यात आलं. नकार द्यायची सोय नव्हती. दंड झाला नाही. हळू चालवल्याबद्दल समज मिळाली. केक वाढला तो त्याच्या गाडीतून आणून.

रविवारी रँडलचा फोन आला. सगळं ठीक ना, असं त्यानं विचारलं. तो पोलीस नव्हता, पण बोलला होता. इमोजीननं सगळं सांगितलं, अठ्ठावीससकट. मग त्यानं विचारलं, "हात कुठं होते, ममा?" ती म्हणाली, स्टिअरिंगवर. निसटले ते फक्त नेलच्या टेबलाच्या वेळी. रँडल म्हणाला, मग किल्ल्या राहू देत.

रिव्हॉल्व्हर तिनं त्याच आठवड्यात कपाटात ठेवलं. सगळे पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते. कप्प्यात हातमोजे आणि पेपरमिंट राहिले. ओडेलला साप आवडत नसत, पण पोराचा थरथरता हात त्याला त्याहून आवडला नसता, असं तिनं व्हॉन्सीलला सांगितलं.

नेल बॅरिंजरनं पुढच्या वसंतात तो वर्ग स्वतः घ्यायला सुरुवात केली आणि नऊ वर्षं घेतला. विणकाम चालूच असे. रेव्हरंड स्लूप निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या समारंभात त्यांनी फक्त चार मिनिटं प्रार्थना केली आणि लोक घाबरले. ड्युई युडीची नजर गेली; तो शेवटपर्यंत खिडकीशी बसून कुठली गाडी गेली ते नुसत्या आवाजावरून सांगे. व्हॉन्सील टॉरेन्स २००५ साली गेली. तिच्या टेबलावर त्या दिवशी अठ्ठेचाळीस भांडी होती आणि एक कोंबड्यांची पिशवी. तिच्या धाकट्या नातवाला गाडी शिकवताना इमोजीन मागच्या सीटवर बसून होती, आणि क्लचच्या आधी तिनंही तेच सांगितलं. टेरेन्स गॅडी सार्जंट झाला. नव्या डेप्युटींना तो शिकवतो, गाडीजवळ सावकाश चाला, समोरच्याला वाक्य पुरं करू द्या. का, ते सांगताना तो एका केकची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही.

इमोजीन ब्याऐंशी वर्षांची होईपर्यंत ती पिकअप चालवत होती. २००७ सालच्या ईस्टरला रँडल आला. दारात उभा राहून त्यानं नेहमीसारखं विचारलं, कशी आहेस. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. तिनं दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवले.

"रँडल," ती म्हणाली, "काल मला चौकातली 'थांबा' अशी पाटी दिसली नाही. माझ्याकडे लायसन्स आहे, आणि किल्ल्या एप्रनच्या उजव्या खिशात आहेत. माझे हात इथं आहेत. पुढं काय करू ते तू सांग."